हिम, भय आणि शृंगार

बंगळूर शहराच्या हवामानाच्या नोंदींतील सर्वांत कमी तापमान १३ जानेवारी १८८४ या दिवसाचे असून ते ७.८ अंश सेल्सियस इतके आहे. म्हणजे नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून या शहराने आपल्या अंगणात पाणी गोठलेले कधी पाहिले नाही. तेथील रहिवाशाला ठाऊक असलेले हिम हे ऐकीव, वाचलेले आणि मुख्यतः पडद्यावर पाहिलेले हिम होय. चित्रगृहातील वातानुकूलन यंत्राचा गारवा हीच त्याच्या अनुभवातील थंडीची परिसीमा. अशा प्रेक्षकाने गोठलेल्या अरण्यातील एखादी प्रेमकथा पाहावी आणि बाहेर पडताना ती 'खोटी वाटली' असा निर्वाळा द्यावा, ही गोष्ट वरवर पाहता गमतीची आहे. ज्याने बर्फ पाहिले नाही तो बर्फाच्या खरेपणाविषयी कशाच्या आधारे बोलतो? परंतु हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही. प्रेक्षकाचे 'पटले' आणि 'पटले नाही' हे दोन शब्द समीक्षेच्या पुष्कळशा परिभाषेहून जुने आहेत, आणि त्यांच्यामागे नेमके काय उभे असते हे तपासले तर कलाकृतीविषयी बरेच काही हाती लागते.

येथे विचारासाठी घेतलेला चित्रपट म्हणजे हानी अबू-असद यांनी दिग्दर्शित केलेला 'द माउंटन बिट्वीन अस'. सप्टेंबर २०१७ मध्ये टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. चार्ल्स मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. 'पॅरडाइज नाउ' आणि 'ओमर' या चित्रपटांतून पॅलेस्टिनी जीवनातील कोंडी मांडणारा हा दिग्दर्शक हॉलिवूडच्या दोन मोठ्या नटांना घेऊन बर्फात का गेला, असे कुतूहल त्या वेळी अनेकांना वाटले. कथा थोडक्यात सांगता येते. वादळामुळे विमाने रद्द झाल्यावर बेन हा मेंदूचा शल्यविशारद आणि अॅलेक्स ही वृत्तछायाचित्रकार असे दोन अनोळखी प्रवासी मिळून एक छोटे विमान भाड्याने घेतात. त्याला एका मुलावर शस्त्रक्रिया करायची आहे, तिला दुसऱ्या दिवशी स्वतःच्या लग्नाला उभे राहायचे आहे. म्हाताऱ्या वैमानिकाला हवेतच पक्षाघाताचा झटका येतो आणि विमान युटामधील पर्वतराजीत कोसळते. वैमानिकाने उड्डाणाचा मार्ग कोठे नोंदवलेला नसल्यामुळे शोध घ्यायला कोणी येणार नाही. उरतात ती दोन माणसे, तिचा जायबंदी पाय आणि वैमानिकाचा कुत्रा. इद्रिस एल्बा आणि केट विन्स्लेट यांनी या भूमिका केल्या आहेत.

चित्रपटाविषयी झालेला मतभेद मोठा होता. परीक्षणकर्त्यांनी तो बराचसा नाकारला, पुष्कळ प्रेक्षकांनी मात्र तो मनापासून पाहिला. नाकारणाऱ्यांचा पहिला आक्षेप संभाव्यतेचा होता. पाय मोडलेली स्त्री पर्वत उतरते कशी, हिंस्र श्वापद नेमके एकदाच येते कसे, गोठलेल्या तळ्यात बुडालेले शरीर पुन्हा ऊब धरते कसे, आणि इतक्या उपासानंतर चेहऱ्यांवर तजेला राहतो कसा, असे प्रश्न विचारले गेले. कुत्र्याच्या चिवटपणाविषयी तर सार्वत्रिक विनोद झाले. हे आक्षेप खोटे नाहीत. तरीही त्यांच्यावर फार विसंबता येत नाही, कारण वास्तवाने संभाव्यतेची मर्यादा याहून कितीतरी अधिक वेळा मोडली आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये अँडीज पर्वतात कोसळलेल्या उरुग्वेच्या विमानात पंचेचाळीस माणसे होती. त्यांपैकी सोळा जण बहात्तर दिवसांनंतर जिवंत परतले. कोणा कथाकाराने हे कल्पनेने लिहिले असते तर संपादकाने ते परत पाठवले असते.

आणि इतके दूर जाण्याचेही कारण नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीन हिमनदीवरील सोनम चौकीवर, सुमारे १९,६०० फूट उंचीवर, हिमकडा कोसळून मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. सहाव्या दिवशी सुमारे पंचवीस फूट बर्फ फोडून शोधपथक खाली पोहोचले तेव्हा लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद यांचा श्वास चालू होता. ते धारवाड जिल्ह्यातील बेटदूर गावचे. सवाई गंधर्वांमुळे मराठी रसिकाला घरच्यासारख्या वाटणाऱ्या कुंदगोळच्या परिसरातले हे गाव. त्या दोन-तीन दिवसांत कर्नाटकाने आणि देशाने जे अनुभवले ते वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मावणारे नव्हते. देवळांत आणि मशिदींत प्रार्थना झाल्या. ११ फेब्रुवारीला दिल्लीतील लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. गाडल्या गेलेल्या त्या दहा जणांत हासन आणि म्हैसूर भागातले जवान होते, तसाच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचाही एक होता. ज्या माणदेशाला पाण्याच्या थेंबाची मारामार तेथला मुलगा गोठलेल्या पाण्याखाली गेला. या घटनेनंतर वीसच महिन्यांनी हा चित्रपट आला. बंगळूरचा प्रेक्षक बर्फाविषयी कशाच्या आधारे बोलतो, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. त्याने बर्फ पाहिलेले नसेल, परंतु बर्फाखालून आलेली बातमी त्याच्या घरात पोहोचलेली आहे. हे शहर १८०९ पासून लष्करी छावणीचेही शहर आहे. वरच्या सीमेवरून येणाऱ्या तारा आणि दूरध्वनी त्याला नवे नाहीत.

म्हणून संभाव्यतेचा आक्षेप नीट ऐकला तर तो मुळात संभाव्यतेचा नसतोच, असे दिसून येते. सहा दिवस पंचवीस फूट हिमाखाली श्वास टिकणे हे चित्रपटातील कोणत्याही प्रसंगाहून असंभाव्य होते आणि तरी ते घडले. मात्र घडून गेल्यावर त्या सत्याने कोणाच्या इच्छेपुढे मान वाकवली नाही. चित्रपटातील हिम मात्र पात्रांच्या सोयीने वागते. ते चालायला हवे तेव्हा टणक असते आणि नाट्य हवे तेव्हा तडकते. प्रेक्षकाला खटकते ते हे. 'हे शक्य नाही' असे तो म्हणतो तेव्हा त्याला बहुधा 'याची किंमत कोणी भरली?' असे विचारायचे असते. अॅरिस्टॉटलने संभाव्य वाटणाऱ्या अशक्यप्रायाला न पटणाऱ्या शक्याहून वरचे स्थान दिले, ते कथेच्या अंतर्गत न्यायाकडे पाहून. हा अंतर्गत न्याय या चित्रपटात सैल आहे, एवढेच खरे म्हणता येईल.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे, आणि तो प्रेमाविषयी आहे. जगण्याची झुंज चालू असताना हे दोघे प्रेमात पडतात हे काहींना बळजबरीचे वाटले; उलट काहींना तेवढेच पटले, बाकीची धडपड त्यांनी त्या प्रेमासाठी सहन केली. भारतीय काव्यशास्त्राने या पेचाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने शृंगाराचे जे विरोधी रस सांगितले त्यांत भयानक येतो, करुणही येतो. जीव घाबराघुबरा झालेला असताना रतिभाव टिकत नाही, ही त्यामागची साधी लोकानुभवाची जाणीव आहे. परंतु विरोधी रस एकत्र आणूच नयेत, असे काही शास्त्राने म्हटलेले नाही. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त विरोध मावळण्याच्या वाटा दाखवल्या आहेत. एक रस प्रधान ठेवून दुसऱ्याला त्याचे अंग करावे, किंवा दोहोंच्या मध्ये दोघांनाही न दुखावणारा तिसरा रस आणावा. 'नागानंद' नाटकात शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो, असा दाखला या संदर्भात दिला जातो.

या कसोटीवर हा चित्रपट कोठे उणा पडतो ते चटकन दिसते. त्यात भय आणि शृंगार एकापाठोपाठ उभे केलेले आहेत, मधली जागा रिकामी आहे. अद्भुताला वाव होता. मँडी वॉकर यांच्या छायाचित्रणात ती विराट शुभ्रता काही क्षण खरोखरच विस्मयाला जन्म देते. कॅनडातील पर्वतांत प्रत्यक्ष चित्रीकरण केल्यामुळे नटांच्या तोंडातून निघणारी वाफही खरी आहे. पण दिग्दर्शक या विस्मयावर रेंगाळत नाही. कथेला खाली उतरायची घाई असते. हास्यालाही वाव होता. दोघांच्या सुरुवातीच्या कुरबुरीत त्याचे अंकुर दिसतात, परंतु ते तेथेच सुकतात. कुत्रा हा खरे म्हणजे या दोघांमधला तिसरा रस होऊ शकला असता. प्रेक्षकांनी त्याच्यावर इतके प्रेम केले याचे कारणही हेच असावे. दोन प्रौढ माणसांना परस्परांशी जे बोलता येत नाही ते दोघेही त्याच्याशी बोलतात.

चार्ली चॅप्लिनचा १९२५ सालचा 'द गोल्ड रश' आठवला म्हणजे हा फरक ठळक होतो. तोही गोठलेल्या अरण्याचा, उपासमारीचा आणि प्रेमाचा चित्रपट आहे. त्यामागची प्रेरणा तर भीषण होती. १८४६-४७ च्या हिवाळ्यात सिएरा नेवाडा पर्वतात अडकून पडलेल्या आणि अखेर नरमांसापर्यंत पोहोचलेल्या प्रवाशांची हकिकत चॅप्लिनने वाचली होती. तिच्यातून त्याने उकडलेला बूट चवीने खाणारा माणूस निर्माण केला. भूक तो खोपटात ठेवतो आणि प्रेम गावातल्या नाचघरात, आणि दोहोंच्या मधल्या वाटेवर हास्य उभे असते. त्यामुळे नववर्षाच्या रात्री मांडलेल्या जेवणाला जॉर्जिया येत नाही तेव्हा तीच भूक वेगळे रूप घेऊन परत येते. पोटाची भूक आणि प्रेमाची भूक यांना त्याने एकाच माणसाच्या अंगावर, परंतु निरनिराळ्या वेळी, घातले. एल्बा आणि विन्स्लेट यांना ही सवलत मिळालेली नाही. त्यांना एकाच ओसाड लाकडी घरात, जवळपास एकाच दिवशी, जगायचेही आहे आणि प्रेमही करायचे आहे.

ते ओसाड घर हा चित्रपटाचा मध्य आहे, आणि मते सर्वांत जास्त दुभंगली तीही तेथेच. चुलीची ऊब, खाण्याजोगे थोडेसे काही आणि डोक्यावर छप्पर मिळताच दोघे एकमेकांच्या जवळ येतात. येथे 'कुमारसंभवा'ची आठवण अपरिहार्य आहे, कारण गोठलेल्या प्रदेशातील प्रेमाची आपली मूळ कथा तीच. कालिदासाने तिसऱ्या सर्गात हिमालयावर अवेळी वसंत आणला. शृंगाराचे सारे उद्दीपन मदनाने तेथे एका क्षणात जमवले, आणि त्याचा शेवट मदनाच्या राखेत झाला. पाचव्या सर्गात पार्वती हिवाळ्याच्या रात्री पाण्यात उभी राहते. शिव वश होतो तो त्या थंडीला, वसंताला नव्हे. हिमातील प्रेम उसन्या ऋतूने साधत नाही, ते हिमाच्याच मार्गाने साधते, ही कवीची दृष्टी फार खोल आहे. चित्रपटातील ओसाड घर हे असेच अवेळचे वसंत होय. तेथे जे घडते ते मानवी आहे, समजण्याजोगे आहे, पण ते त्या घराचे आहे, पर्वताचे नव्हे. याउलट त्याआधीचा एक प्रसंग किती तरी अधिक शृंगाराचा आहे. मोडक्या विमानाजवळ थांबावे, की मदत शोधत खाली उतरावे, यावर दोघांत वाद होतो. बेन शल्यविशारदाच्या सावधपणाने थांबायला सांगतो आणि शास्त्र त्याच्या बाजूने आहे. अॅलेक्स पाय ओढत एकटीच निघते. थोड्या वेळाने तो तिच्यामागून येतो. त्या येण्यात काही बोलणे नाही, स्पर्श नाही, फक्त बर्फातली पावले आहेत. अँडीजमध्येही शेवटी वाचवले ते चालत निघालेल्या दोघांनीच, हे येथे जाता जाता लक्षात घ्यावे. हा प्रसंग पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला त्यांचे प्रेम पटायला ओसाड घराची गरज पडू नये.

मूळ कादंबरीत एक युक्ती आहे. नायक आपल्या पत्नीशी ध्वनिमुद्रणयंत्रावर बोलत राहतो आणि त्या बोलण्यातून वाचकाला तो उलगडत जातो. चित्रपटाने ही युक्ती उलटी केली. येथे पत्नीचा आवाज मुद्रित आहे आणि तो ऐकतो. ही पत्नी दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या गाठीने गेली आणि मेंदूचा विशारद असलेला नवरा तिला वाचवू शकला नाही, हे नंतर कळते. हा बदल फायद्याचा की तोट्याचा, याविषयी कादंबरी वाचलेल्यांचे आणि न वाचलेल्यांचे मत वेगळे पडले. बोलणारा माणूस दुःखाशी झगडत असतो, ऐकणारा त्यात राहत असतो. बेन हा राहणारा आहे. एल्बाचा जड, आवरलेला अभिनय या अंगाने पाहिला तर 'दोघांत रसायन नाही' हा वारंवार केला गेलेला आक्षेप अर्धाच उरतो. ज्याच्या कानात अजून दुसरा आवाज आहे त्याने लगेच पेटू नये, हेच औचित्य.

भारतीय चित्रपटाने हिमातील प्रेमाचे काय केले, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे येतो. १९६१ च्या 'जंगली'त हिमवादळात अडकलेला नायक मोकळे व्हायला शिकतो आणि बर्फ हे आरडाओरडा करण्याचे मैदान बनते. पुढे कित्येक वर्षे हिंदी गाण्यांना हिम लागले ते पातळ साडीच्या विरोधापुरते. वेगळी वाट चेतन आनंद यांच्या १९६४ च्या 'हकीकत'ने धरली. १९६२ च्या लडाखमधील पराभवाचा तो चित्रपट. त्यात धर्मेंद्रने केलेला कॅप्टन बहादूरसिंग आणि प्रिया राजवंशची लडाखी आंगमो यांचे प्रेम आहे, परंतु ते दोघे माघार घेणाऱ्या सैनिकांना वाट मिळावी म्हणून मागे थांबतात आणि मरतात. कैफी आझमींचे शब्द आणि मदनमोहनचे संगीत असलेल्या एका गाण्यात कोंडलेले सैनिक एकेक करून घरच्यांची आठवण काढतात, ते चार निरनिराळ्या गायकांच्या आवाजांत. शृंगार तेथे आहे, पण तो सगळा खाली, मैदानात राहिलेला आहे. वर आहे तो फक्त त्याचा विरह. विप्रलंभाने भयाशी असलेला विरोध येथे सहज मिटवला आहे.

बंगळूरच्या चित्रपटसृष्टीने याच वाटेवर १९९० मध्ये 'मुत्तिन हार' दिला. एस. व्ही. राजेंद्रसिंग बाबू यांच्या या कन्नड चित्रपटात कोडगूचा सैनिक आणि लष्करी परिचारिका यांचा संसार युद्धांच्या सावलीत चालतो. विष्णुवर्धन आणि सुहासिनी यांच्या त्या भूमिका आणि बालमुरलीकृष्ण यांच्या गळ्यातून आलेले त्यातील गीत कन्नड रसिकाच्या मनातून अजून गेलेले नाही. येथे प्रेम आधी आहे, परीक्षा नंतर. 'द माउंटन बिट्वीन अस' पाहताना 'यांचे प्रेम झाले कधी?' असे विचारणारा प्रेक्षक या परंपरेत वाढलेला आहे. त्याला संकटाने जोडलेले प्रेम कच्चे वाटते, संकटात टिकलेले प्रेम पक्के वाटते. हा पूर्वग्रह असेल, पण तो अनुभवावर उभा आहे.

आता तिसऱ्या आणि सर्वांत सार्वत्रिक आक्षेपाकडे यावे. सुटका झाल्यानंतर चित्रपट संपायला हवा होता, पुढचा भाग लांबण आहे, असे बहुतेकांनी म्हटले. याच भागासाठी हा चित्रपट विचारात घेण्याजोगा आहे. अॅलेक्सने वाग्दत्त वराला नकार दिला आहे. बेन लंडनला परतला आहे. पुढे न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहात दोघे समोरासमोर बसतात आणि प्रथमच त्यांना बोलायचे सुचत नाही. पर्वताने त्यांना जवळ आणले होते ते दुसरा पर्याय न ठेवता. येथे सगळे पर्याय आहेत, गरम जेवण आहे, बाहेर गाड्या आहेत, आणि नेमकी अडचण आहे ती हीच. शृंगाराला निवड लागते. आपण प्रेमात पडलो म्हणून वाचलो, असा बेनचा दावा आहे. पडताळून पाहण्याजोगे विधान आहे ते उलटे: वाचायचे होते म्हणून प्रेमात पडलो की काय? हा प्रश्न चित्रपटाने उभा केला आणि त्याला घाबरून तो धावत सुटला, अक्षरशः धावत.

दख्खनच्या प्रेक्षकाला या भागात आणखी एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. बेन कृष्णवर्णीय आहे, अॅलेक्स गोरी, आणि या भेदाचा उच्चारही चित्रपटभर नाही. पुष्कळांनी या मौनाचे स्वागत केले, काहींना ते पळवाट वाटले. आपल्याकडे हे मौन शक्य झाले नसते. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी 'मनसु मल्लिगे' या नावाने तो कन्नडमध्ये पुन्हा घडवला गेला, तोही रिंकू राजगुरू यांनाच नायिका करून. म्हणजे या पर्वतकथेच्या वर्षीच बंगळूरच्या पडद्यावर दुसरी एक जगण्याची आणि प्रेमाची कथा येऊन गेली होती. तिच्यात बर्फाचा कण नाही. करमाळ्याच्या उसातून आणि विहिरींतून निघालेले दोन जीव हैदराबादच्या झोपडपट्टीत तगून राहतात, भाजी चिरायला आणि दोन वेळचे भागवायला शिकतात, आणि त्यांच्यावरचा हिमकडा कोसळतो तो घरात आलेल्या भावाच्या भेटवस्तूंबरोबर. त्या कथेत माणसे जिवंत राहण्यासाठी समाजापासून दूर पळतात, या कथेत जिवंत राहण्यासाठी समाजाकडे चालतात. युटाच्या पर्वतात कोणी जात विचारीत नाही. आपल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने ती जागा जितकी भीषण तितकीच निर्वेध आहे. लाकडे वाहणारी गाडी दिसते आणि सुटका होते, तेथे पाश्चात्त्य प्रेक्षक सुस्कारा टाकतो. आपल्याकडच्या पुष्कळ जोडप्यांची गोष्ट त्या गाडीपासून सुरू झाली असती.

आणि वाट पाहणारी माणसे? अॅलेक्सचा वाग्दत्त वर मार्क याला चित्रपटाने जेमतेम दोन-तीन प्रसंग दिले आहेत. तो दुष्ट नाही, कोरडा नाही. त्याने एवढे दिवस कसे काढले, हे कोणी विचारीत नाही. बेटदूरमध्ये फेब्रुवारी २०१६ च्या त्या आठवड्यात जे बसून होते त्यांची आठवण असलेल्या प्रेक्षकाला हे दुर्लक्ष साधे वाटणार नाही. गाडले गेल्याची बातमी, मग गेल्याची, मग जिवंत असल्याची, मग पुन्हा गेल्याची, अशा चार बातम्या एकाच घराला आठ दिवसांत ऐकाव्या लागल्या. हिमाची गोष्ट अर्धीअधिक खाली घडते. 'हकीकत'ला हे ठाऊक होते, 'मुत्तिन हार'ला ठाऊक होते. या चित्रपटाने मात्र मार्कला बाजूला सारून वाट मोकळी करून घेतली.

एक तपशील मात्र चित्रपटात आहे आणि तो इतक्या हळू आवाजात सांगितला गेला की बहुतेकांच्या बोलण्यात तो आलाच नाही. हिमदंशाने बेनचे हात निकामी झाले आहेत, त्याला आता शस्त्रक्रिया करता येत नाही, तो केवळ सल्ला देतो. ज्या हातांना पत्नीला वाचवता आले नाही आणि जे एका परक्या स्त्रीला पर्वतावरून खाली घेऊन आले, ते हातच त्याने पर्वताला दिले. किंमत कोणी भरली, या प्रेक्षकाच्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथे पडलेले आहे. पार्वतीच्या पाण्यात उभे राहण्याशी ज्याचे नाते जुळेल असे या कथेत काही असेल तर ते हे हात होत. दिग्दर्शकाने ते टेबलावर ठेवायचे आणि कॅमेरा थांबवायचा. त्याने एका वाक्यात ते उरकले आणि कथा रस्त्यावर नेली.

रस्त्यावर दोघे निरोप घेऊन विरुद्ध दिशांना चालू लागतात, वळतात, धावतात, आणि मिठी पडण्याच्या क्षणी पडदा काळा होतो. हा शेवट कोणाला संयमी वाटला, कोणाला अपुरा. 'द गोल्ड रश'च्या शेवटी जहाजावर चॅप्लिन आणि जॉर्जिया यांचे चुंबन होते. १९४२ मध्ये स्वतःच्या निवेदनासह चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना चॅप्लिनने ते काढून टाकले. त्या आवृत्तीत दोघे जिना चढून वर जातात आणि चित्र संपते. तेथे चुंबन गेल्याची चुटपुट लागत नाही, कारण आधीच्या साऱ्या चित्रपटाने ते मिळवलेले असते. काळा पडदा पाहून ज्या प्रेक्षकाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले, त्याला मिठी पाहायचीच होती असे नाही. त्याला बहुधा ते हात पाहायचे होते.